निविदेआधी गल्लीला विचारा

प्रति,
माननीय महापौर आणि ५१ प्रभागांचे सर्व नगरसेवक, नगरसेविका,
तंजावूर महानगरपालिका.



या पत्राची तमिळ प्रत आपल्या कार्यालयात देतेच आहे. मराठीतही ते छापायला दिले, कारण सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट शहरांची जी यादी जाहीर केली तिच्यात तंजावूरच्या शेजारी ठाणे, कल्याण-डोंबिवली, नाशिक, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद ही नावे होती. आपल्या शहराचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने त्या शहरांचे झाले. तिथल्या महापौरांनीही हे वाचावे अशी इच्छा आहे. आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग इथे आलेल्या घरांपैकी एका घरातली मी. या गावाविषयी कळकळीने बोलायचे झाले की मराठीच तोंडात येते.

मागणी एकच आहे, ती आधी सांगून टाकते. रस्ता, गटार, तळे, मंडई, बसस्थानक, काहीही असो. त्याचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी ते काम ज्या गल्लीत व्हायचे तिथल्या क्षेत्रसभेपुढे, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या सभेपुढे ठेवा. निविदा निघाल्यावर विचारणे म्हणजे कळवणे. भूमिपूजनाच्या मांडवात विचारणे म्हणजे तेही नाही. विचारायची वेळ आधीची असते, जेव्हा नकाशावरची रेघ अजून पेन्सिलीची असते.

मागच्या दहा वर्षांत ही वेळ आपल्या शहराच्या हातून कशी निसटली ते आठवून पाहा. स्मार्ट सिटी मिशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शहरात एक वेगळी कंपनी काढायची होती. राज्य सरकार आणि पालिका तिच्यात निम्मे-निम्मे भागीदार, केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी, तेवढाच वाटा राज्याने आणि पालिकेने मिळून घालायचा. कामे ठरवणार कंपनीचे संचालक मंडळ. लोकांचा सहभाग म्हणून संकेतस्थळावर मते मागवली गेली, त्या सहभागाला निवडीच्या स्पर्धेत गुणही होते. तंजावूर यादीत आले आणि महिनाभरातच, ऑक्टोबर २०१६ मध्ये, तमिळनाडूतल्या पालिकांची मुदत संपली. निवडणुका कोर्टकचेरीत अडकल्या. त्या झाल्या थेट १९ फेब्रुवारी २०२२ रोजी. पाच वर्षांहून अधिक काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता, आणि नेमक्या त्याच काळात शहरावर एवढा पैसा खर्च व्हायचा होता. रस्ते उकरले गेले, जुने बसस्थानक पाडून नवे उभे राहिले, मंडया पाडून बांधल्या, कोटाच्या खंदकाकाठची वस्ती हलवली गेली. यातली काही कामे चांगली झाली, हे मी मोकळेपणाने म्हणते. पण ती चांगली की वाईट हे आधी कुणाला विचारायचे, याचे उत्तर द्यायला जागेवर कुणी लोकप्रतिनिधीच नव्हता. मिशन ३१ मार्च २०२५ रोजी संपले. आता कंपनीने बांधलेल्या सगळ्याची देखभाल तुमच्याकडे आणि आमच्याकडे आली आहे.

एका कामाविषयी मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा त्यात आहे.

पश्चिमेला सेवप्पनायकन एरी, म्हणजे तलाव, तिच्या पूर्वेला बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाशेजारचे शिवगंगा तळे, आणि तिथून कोटाच्या आत अय्यनकुळम हे तळे. पावसाचे पाणी एरीत साठायचे, शिवगंगेत यायचे, आणि जमिनीखालच्या नळांतून गावातल्या तळ्यांना व विहिरींना मिळायचे. या व्यवस्थेला जलसूत्र म्हणत. नायक राजांनी ती घातली, मराठ्यांनी सांभाळली, वाढवली. पुढे एरीकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटांवर घरे झाली, नळ गाळाने भरले, नळाचे पाणी घरात आल्यावर तळ्याकडे कुणाचे लक्ष राहिले नाही आणि अय्यनकुळम कोरडे पडले. स्मार्ट सिटीच्या कामात ते तळे साफ करताना शिवगंगेकडून येणारी जुनी भूमिगत वाट सापडली. ती मोकळी केली आणि किती दशकांनी तळ्यात पाणी आले. हे काम करणाऱ्या अभियंत्यांचे आणि मजुरांचे कौतुक करावे तेवढे थोडे. मी त्या काठावर उभी राहिले आहे, आणि ते पाणी पाहून मला अभिमान वाटला आहे.

पण वाट सापडली असे आपण म्हणतो, तेव्हा मला विचारावेसे वाटते, ती हरवली कुणाकडून होती? पालिका १८६६ सालची. मधल्या दीडशे वर्षांत या नळांवरून कितीदा रस्ते झाले, गटारे झाली, केबली गेल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी खणले. खणणाऱ्याच्या हातातल्या नकाशावर तो नळ नव्हता. ज्यांच्या परसातल्या विहिरीचे पाणी शिवगंगेबरोबर चढायचे आणि उतरायचे, त्या घरांना तो माहीत होता. त्यांना कुणी विचारले नाही. विचारून टिपून ठेवण्याची रीत असती तर शोधायची वेळच आली नसती. आणि अजूनही जमिनीखाली आणखी काय आहे ते सांगू शकणारी माणसे गावात आहेत. ती म्हातारी आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या मिशनची वाट पाहता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, सरफोजीराजांनी तरी कुठे कुणाला विचारले होते? खरे आहे. राजा विचारत नसतो. पण सरफोजीराजांची गोष्ट थोडी वेगळी होती, ती आपण सगळ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. ते १७९८ मध्ये तंजावूरच्या गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो हा कोट आणि आजूबाजूचा थोडा मुलूख. म्हणजे १८३२ पर्यंत ते खऱ्या अर्थाने एका शहराचेच राजे होते. सरस्वती महालातले ग्रंथ, धन्वंतरी महालातली औषधे, मुक्तांबाळच्या नावाचे ओरत्तनाडूचे अन्नछत्र, हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. कोटातल्या सांडपाण्याच्या भुयारी मोऱ्या आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था त्यांच्याच काळची सांगतात, त्याचा उल्लेख मात्र कुणी करत नाही. गटार तुंबले तर दुर्गंधी वाड्यापर्यंत यायची. ज्याने निर्णय घ्यायचा आणि ज्याने तो सोसायचा ते एकाच कोटात राहत होते. वाड्याचा, देवळांचा, छत्रांचा रोजचा खर्च त्यांच्या दप्तरात मोडीत टिपलेला आहे. कंपनी नावाची दुसरी व्यवस्था २०१६ नंतर आली तेव्हा हे दोन्ही सुटले. निर्णय घेणारे गावात राहत नव्हते, आणि काय ठरले त्याचे टिपण गल्लीला वाचता येईल अशा जागी नव्हते.

तुमच्या अभियंत्यांना चढ-उतार मोजायची यंत्रे आहेत. तरी पहाटे साडेपाचला कोटातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत जाऊन पाहा म्हणते. दारोदार बायका सडा घालत असतात. पाणी शिंपडायचे, ते कुठे ओघळते ते पाहायचे, खराट्याने लोटायचे आणि मग ओल वाळायच्या आत रांगोळी काढायची. कुणाच्या दाराशी पाणी डावीकडे जाते, कुणाकडे उजवीकडे, कुठे थबकते, हे त्या बाईला न बघता ठाऊक असते, कारण पाणी थबकले तर रांगोळी विसकटते. नवा रस्ता झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे तिला कळते की उतार फिरला. पहिला पाऊस पडेपर्यंत ते तुमच्या कार्यालयात कुणाला कळत नाही. मग पाणी तिच्या दारापुढच्या ओट्यावरून, तिण्णैवरून, घरात शिरते. एके काळी या तिण्णै रस्त्यापासून तीन-चार पायऱ्या उंच होत्या, वाटसरूने बसावे म्हणून बांधलेल्या. आता कितीतरी घरांत रस्त्यावरून एक पायरी खाली उतरून आत जावे लागते. थरावर थर चढत गेले, आणि घरे होती तिथेच राहिली.

मे २०२१ मध्ये तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी आदेश काढला की नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढा, रस्त्याची उंची वाढू देऊ नका. चांगला आदेश. तो पाळला की नाही हे मोजायला वेगळा निरीक्षक नेमायची गरज नाही. खरवडायच्या आधी आणि थर दिल्यानंतर त्या गल्लीतल्या दोन-तीन बायकांना उंबरठ्यापासूनची उंची मोजून वहीत सही करू द्या. ठेकेदाराचे बिल त्या सहीशिवाय मंजूर करू नका. एवढे करायला ना नवा कायदा लागतो, ना पैसा.

हीच गोष्ट सफाई कामगारांची. भुयारी गटाराचे कोणते झाकण कुठल्या महिन्यात उसळते, कोणत्या वळणावर चोक होतो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नाही. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती नीट पाळायची असेल तर गटाराची आखणीच अशी हवी की कुणाला उतरावे लागू नये. आखणीच्या बैठकीत मात्र सल्लागार कंपनीचे तरुण असतात, कामगार नसतात. नळाची व्हॉल्व्ह उघडणारा माणूस, फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटे बाजारात बसणाऱ्या बायका, शाळेच्या रिक्षांचे चालक: या सगळ्यांजवळ शहराविषयीची माहिती आहे आणि ती फुकट मिळते.

न विचारल्याची किंमत कधी कधी जिवावर येते. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे आपल्या शहराला लागून असलेल्या कळिमेडूमध्ये अप्परस्वामींच्या उत्सवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ जण गेले. त्यांत मुलेही होती. चौकशी झाली, तिच्यावर मी काही बोलणार नाही, आणि ते गाव तुमच्या हद्दीत नव्हते हेही मला माहीत आहे. पण रस्ता एका खात्याचा, तार दुसऱ्या खात्याची, उत्सव गावाचा. रथाची उंची, तो वळतो ती जागा आणि निघायची वेळ गावातल्या पोरासोरांना पाठ असते. पण ही दोन खाती आणि गाव एका बाकावर कधी बसत नाहीत. आपल्या मोठ्या देवळाचा रथ २०१५ पासून पुन्हा चारी राजवीथींतून फिरू लागला आहे. या वीथींत विजेचा खांब हलवण्याआधी, रस्त्याचा थर टाकण्याआधी, रथ ओढणाऱ्यांना बोलवा, ही विनंती मी त्या ११ जणांचे स्मरण करून करते आहे.

आता कायद्याकडे येते. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ती दिली. तो उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरातल्या माणसाला ७४ व्या दुरुस्तीने असे काही दिले नाही. प्रभाग समित्या दिल्या, त्याही तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत तंजावूरची लोकसंख्या २,२२,९४३. म्हणजे घटनेच्या हिशेबाने आम्हाला प्रभाग समितीचाही हक्क नव्हता. त्यामुळे शहर पसरत जाते आणि शेजारची ग्रामपंचायत पालिकेत येते, तेव्हा तिथल्या माणसांना चांगला रस्ता कदाचित मिळतो, पण विचारायची जागा जाते. ते याला विरोध करतात तेव्हा आपण त्यांना मागासलेले म्हणू नये.

तमिळनाडूने ही उणीव २०२२ मध्ये भरून काढली. पालिकांसाठी प्रभाग समिती आणि क्षेत्रसभेचे नियम आले, आणि १ नोव्हेंबर २०२२ रोजी, स्थानिक स्वराज्य दिनी, राज्यभर पहिल्या क्षेत्रसभा भरल्या. मुख्यमंत्री स्वतः ताम्बरम महानगरपालिकेतल्या पम्मलच्या सभेत बसले. प्रभागाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागातला एक जण प्रभाग समितीवर, नगरसेवक अध्यक्ष. सभेला वर्षातले चार दिवस ठरवून दिले: २५ जानेवारी, १४ एप्रिल, १५ सप्टेंबर आणि १० डिसेंबर. मतदार दिन, बाबासाहेबांची जयंती, अण्णादुराईंची जयंती, मानवी हक्क दिन.

हे दिवस ज्यांनी निवडले त्यांच्या मनात ते थोर दिवस होते. पण तंजावूरच्या पाण्याच्या वर्षाकडे पाहिले तर ते जणू आपल्यासाठीच निवडले आहेत. २५ जानेवारी अर्थसंकल्पाच्या आधी येतो. त्या दिवशी कामे सुचवायची आणि पुढच्या वर्षाचा पैसा कुठे जावा ते बोलायचे. १४ एप्रिल ऐन उन्हाळ्यात. १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सोडायची प्रथा, त्याच्या दोन महिने आधी तळी आणि वाय्क्काल, म्हणजे पाण्याचे पाट, कोरडे असतात, गाळ दिसतो, अतिक्रमणही दिसते. ती पाहणीची सभा. १५ सप्टेंबर म्हणजे ईशान्येचा पाऊस सुरू व्हायच्या महिनाभर आधी. गटारे साफ झाली का हे त्या दिवशी विचारायचे. आणि १० डिसेंबरला पावसाचा जोर सरत आलेला असतो. पाणी कुठे तुंबले, किती दिवस राहिले, कुणाच्या घरात गेले, हे आठवणीत ताजे असते, भिंतीवर ओलीची रेघ असते. त्या सभेत नुसते ऐका आणि टिपून घ्या. वर्षभराच्या आखणीचा अर्धा अभ्यास तिथेच होईल.

आज या सभांत काय होते ते तुम्हाला माहीत आहे. कुठे तासाभरात आटोपते, कुठे निवेदने गोळा होतात. त्यात नगरसेवकांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. सभेपुढे ठेवायला त्यांच्या हातात काही नसतेच. नकाशा अभियंत्याकडे, अंदाजपत्रक कार्यालयात, आणि सभेत पंखा आणि ध्वनिवर्धक. लोक मग रस्त्यावरचा दिवा आणि कुत्र्यांचा बंदोबस्त यापलीकडे बोलत नाहीत. बोलायला दिलेलेच नसते. भिंतीवर प्रभागाचा मोठा नकाशा लावा, तमिळमध्ये, गटाराच्या उताराच्या बाणांसह. मुलेसुद्धा बोट ठेवून चुका दाखवतील.

दुसरी गोष्ट, उत्तराची. लोकांनी सुचवले आणि ते हवेत गेले, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कुणी येत नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अर्थसंकल्पात नागरिकांचा सहभाग घ्यायला सुरुवात केली. अर्ज भरायचा, आपल्या भागातले छोटे काम सुचवायचे. देशात तेव्हा असे फार थोड्या शहरांत होत होते, त्याबद्दल पुण्याला मान द्यायलाच हवा. पण तिथल्या जागरूक लोकांची तक्रार वर्षानुवर्षे एकच: सुचवलेल्या कामाचे काय झाले ते कळत नाही. आणि मोठा रस्ता, नदीकाठ, उड्डाणपूल हे त्या अर्जात येतच नाहीत. अर्जात पदपथ आणि बाक. छोट्या कामांत विचारायचे आणि मोठ्यांत नाही, यामुळे लोकांचा विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. महाराष्ट्रात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, ती जमिनीवर उतरली नाही. २०२० नंतर एकेक करत तिथल्या बहुतेक महानगरपालिका प्रशासकाच्या हाती गेल्या आणि वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. आपल्याकडे निदान सभा भरते. या बाबतीत तंजावूर पुण्या-मुंबईला काही शिकवू शकेल, आणि मला ते फार हवे आहे.

उत्तर देण्याचा, हिशेब देण्याचा आग्रह ही आपल्याच भूमीतली जुनी गोष्ट आहे. उत्तिरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर परांतक चोळाच्या काळातला, दहाव्या शतकातला, ग्रामसभेचा नियम कोरलेला आहे. गावाचे ३० भाग, प्रत्येकातून चिठ्ठी टाकून निवड, तळ्याची वेगळी समिती, बागांची वेगळी. आणि समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो पुन्हा निवडीला अपात्र, त्याचे नातेवाईकसुद्धा. हजार वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या समितीला हिशेबाचे हे बंधन होते. मात्र त्या सभेत जमीनवाले ब्राह्मण पुरुष बसत. तळ्याचा गाळ ज्यांनी काढला ते तिथे नव्हते, बाया नव्हत्या. आपण तो शिलालेख मिरवतो तेव्हा हेही सांगायला हवे, कारण आजच्या सभेतही तेच घडायला वेळ लागत नाही. सकाळी अकराला सभा ठेवली की येतात ते निवृत्त लोक आणि पक्षाचे कार्यकर्ते. सभा संध्याकाळी सातनंतर घ्या. भागाचा प्रतिनिधी नेमताना तुमच्या पक्षाचा माणूस नेमायचा मोह होईल; त्याऐवजी भाड्याने राहणाऱ्यांतला, फेरीवाल्यांतला, बचत गटातला माणूस घ्या. तुमच्यातल्या निम्म्या जागा आज महिलांच्या आहेत. त्यांना हे मी सांगायला हवे असे नाही.

अडचणी आहेत, त्या मी टाळत नाही. लोक आपापल्या दारापुढचेच मागतात. खरे आहे, आणि म्हणूनच एकट्याने दिलेल्या निवेदनापेक्षा सभा बरी, कारण तिथे शेजारी उभा राहून म्हणतो की तुझे गटार उंच केले तर पाणी माझ्याकडे येईल. विचारत बसलो तर निधी परत जाईल, असे अधिकारी सांगतात. तीही भीती खरी आहे, मार्च महिना कुणाला चुकलेला नाही. पण चुकीच्या उताराचे गटार दुसऱ्यांदा बांधायला जो पैसा आणि वेळ लागतो तो कुणी मोजत नाही. सगळ्यात अवघड प्रश्न अतिक्रमणाचा. एरीकडे येणारी पाण्याची वाट मोकळी करायची तर तिच्यावरच्या घरांचे काय? मला तळ्यात पाणी हवे आहे, आणि मला कुणाचे घर रात्रीतून पाडायला नको आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतील तर त्या घरातल्या माणसांना पहिल्या बैठकीला बोलवावे लागेल. नोटीस हे पहिले पत्र असू नये. कुठे हलायचे, मुलांची शाळा किती लांब पडेल, कामाला जायला बस आहे का, हे ते सांगतील. खंदकाकाठची माणसे शहराबाहेर गेली तेव्हा हे प्रश्न त्यांना कितपत विचारले गेले, हे तुम्ही त्यांच्याकडे जाऊन विचारावे असे मला वाटते. अजूनही उशीर झालेला नाही. ते आपल्याच जिल्ह्यात आहेत.

कावेरीच्या मुलुखात कुडिमरामत्तु होते. पाण्याचा वाटा घेणाऱ्याने वर्षातून काही दिवस वाय्क्कालचा गाळ काढायचा, पाट दुरुस्त करायचा. महाराष्ट्रात नाशिक-धुळ्याकडे फड पद्धतीत पाटकरी आणि शेतकरी मिळून हेच करत. इंग्रजांनी १८५८ मध्ये कुडिमरामत्तूचा सक्तीचा कायदा केला आणि मेहनत राहिली, हक्क गेला. २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याच नावाची योजना आणली, पैसा आला, यंत्रे आली. जी गोष्ट आणता आली नाही ती म्हणजे काम ठरवण्यातला वाटा. ज्याने गाळ काढायचा त्यानेच ठरवायचे, कुठला आधी काढायचा, हा त्या पद्धतीचा प्राण होता. शहरात आम्ही गाळ काढायला येत नाही, हे कबूल. पण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आणि ठरवण्यातला वाटा मागतो आहोत.

तुमची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. पालिकेची पुढची निवडणूक मुदतीआधी व्हायला हवी असे घटना सांगते. ती न झाल्याने काय होते ते या शहराने पाच वर्षे पाहिले आहे. तेव्हा हातात आहे तो वेळ वापरा. पुढच्या क्षेत्रसभेआधी एक ठराव करा: दहा लाखांवरच्या कोणत्याही कामाचे अंदाजपत्रक क्षेत्रसभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडल्याशिवाय परिषदेपुढे येणार नाही, आणि प्रत्येक सूचनेला तीस दिवसांत लेखी उत्तर मिळेल, होय किंवा नाही, आणि नाही असेल तर का. सुरुवात पाण्यापासून करा. सेवप्पनायकन एरीपासून अय्यनकुळमपर्यंतच्या वाटेवर जे प्रभाग येतात त्यांची एकत्र सभा शिवगंगेच्या काठी बोलवा, तुमच्या अभियंत्यांना तिथे आणा, आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बोलू द्या. ते सांगतील ते नकाशावर चढवा आणि तो नकाशा पालिकेच्या दारात लावा. मी त्या सभेला येईन. आमच्या घरात विहीर कुठे होती आणि तिला पाणी कुठून यायचे, ते सांगायला माझ्या आत्यालाही घेऊन येईन.



आपली,
दक्षिण राजवीथीवरची एक तंजावूरकर